हातसामानातला वरवंटा

नलिनी धुरीने विमानाचं फक्त पोट पाहिलं होतं. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर त्यांची इमारत. तिच्या गच्चीवरून दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान उतरायला जायचं, इतकं खालून की बाहेर आलेली चाकं मोजता यावीत. विमान आलं की घरातली माणसं वाक्य अर्ध्यावर ठेवायची आणि ते गेलं की तिथूनच उचलायची. एकोणचाळीस वर्षं हे असं चाललं होतं. पण त्या पोटात बसून कोण जातं, कसं जातं, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला तो मुलाच्या लग्नानंतर. म्हणजे शर्मिष्ठाताई आयुष्यात आल्यावर.

शर्मिष्ठाताई ही तिची विहीण, सून अपूर्वाची आई. राहायच्या बोरिवलीला, विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. सौरभ आणि अपूर्वा बंगळुरूला. तीन वर्षांत शर्मिष्ठाताई तिकडे अकरा वेळा जाऊन आल्या होत्या, अकराही वेळा विमानाने. हा आकडा शर्मिष्ठाताईंना ठाऊक नसेल, नलिनीला ठाऊक होता. ती स्वतः गेली होती एकदा, रेल्वेने, पूर्ण एक दिवस आणि वर काही तास, आणि उतरली तेव्हा पायांत चपला शिरत नव्हत्या.

नलिनीच्या बोलण्यात रिक्षा यावी तसं शर्मिष्ठाताईंच्या बोलण्यात विमान यायचं. सिक्युरिटीत पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, असं त्या सहज सांगायच्या. चेहरा दाखवला की दार उघडतं, पर्स ट्रेमध्ये, मी इकडून, ती तिकडून, झालं. सांगताना त्यांचा हात हवेत असा सरकायचा की नलिनीला तो ट्रे डोळ्यांपुढे दिसायचा.

हेवा ही काही नलिनीची नवी ओळख नव्हती. तिचा सगळा उमेदीचा काळ विंगेत गेला होता. बाप लालबागच्या गिरणीत, गाव मालवणजवळ. सतराव्या वर्षी ती गिरगावातल्या एका ड्रेपरीवाल्याकडे, म्हणजे नाटकांना कपडे पुरवणाऱ्याकडे कामाला लागली आणि एकतीस वर्षं नाटकमंडळींबरोबर हिंडली. अंधारात, दोन माणसांना जेमतेम उभं राहता येईल अशा जागेत, ती नायिकेची नऊवारी फेडून दुसरी नेसवायची. नव्वद सेकंदांत. काष्टा, पदर, नथ, अंबाडा, गजरा. डाव्या विंगेतून रडत आत आलेली बाई उजवीकडून नवरी होऊन बाहेर पडायची आणि नाट्यगृह टाळ्यांनी भरून जायचं. त्या टाळ्या नलिनी ओठांत टाचण्या धरून ऐकायची.

एका नाटकाच्या शंभराव्या प्रयोगाचा फोटो तिने जपून ठेवला होता. मधोमध नायिका, झगमगीत. अगदी कडेला विंगेतून आलेला एक हात, तिला आरतीचं तबक देणारा. कुणी फोटो पाहिला की नलिनी बोट ठेवून सांगायची, हा हात माझा. तिचा नवरा दत्ताराम, तो होता तोवर, दर वेळी मान डोलवून म्हणायचा, हात छान आलाय हो.

दत्तारामला जाऊन सहा वर्षं झाली, आणि यंदा सौरभला मुलगी झाली. बाळंतपणाला अर्थातच शर्मिष्ठाताई होत्या. दवाखान्यात नातीला पहिल्यांदा हातात घेतलं त्यांनी, त्याचा फोटो नलिनीला फोनवर आला. पाळणा त्यांनी निवडला, न्हाऊ घालणारी बाई त्यांनी शोधली, चांदीची वाटी, वाळे, सगळं त्यांचं. सव्वा महिन्याने बारसं ठरलं तेव्हा त्या चार दिवसांसाठी बोरिवलीला आल्या होत्या, पेन्शनच्या कसल्याशा सहीसाठी. तिथूनच त्या अपूर्वाला फोनवर म्हणाल्या की बारशाला पाळण्याखालून फिरवायला वरवंटा लागतो, तुमच्या घरात मिक्सर आहे, तर आपण नारळाला टोपडं घालू, चालतं.

अपूर्वाने हे सासूला सहज सांगितलं. नलिनी ताठ बसली.

आपल्याकडे बाळाला पाळण्यात ठेवायच्या आधी वरवंट्याला बाळासारखं सजवतात. दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, एक खालून देते, दुसरी घेते आणि वरून परत करते. बाळ दगडासारखं टणक होवो, एवढीच त्यामागची मागणी. धुऱ्यांच्या घरातला वरवंटा नलिनीच्या आजेसासूच्या काळातला होता, काळा, वाटून वाटून मधे किंचित बारीक झालेला. दत्ताराम त्याच्यामागून पाळण्यात गेला होता, सौरभ त्याच्यामागून गेला होता. आणि बोरिवलीची बाई म्हणते नारळ.

"वरवंटा मी आणते," नलिनी म्हणाली. "सांग तुझ्या आईला."

अख्ख्या बारशात तिचं म्हणून एवढंच उरलं होतं.

सौरभने दोघींची तिकिटं एकाच विमानाची काढली. आई पहिल्यांदाच विमानात बसणार, शर्मिष्ठाताई सोबत असतील, बरं पडेल, असं तो म्हणाला. त्याला वाटलं आपण आईची काळजी घेतोय. त्याच संध्याकाळी शर्मिष्ठाताईंचा फोनवर आवाजी मेसेज आला, चार मिनिटं सतरा सेकंदांचा. खाली लिहिलं होतं, विमानतळावर काय काय करायचं ते सांगितलंय, नक्की ऐका. नलिनीने त्या मेसेजकडे पाहिलं. चार मिनिटं सतरा सेकंद शिकवणी ऐकायची, तीही त्या सरकत्या आवाजात. तिने अंगठा दाखवणारं चित्र पाठवून दिलं आणि फोन उशीखाली सारला.

शिकायचं ते तिने स्वतः शिकायचं ठरवलं. फोनवर लोकांनी टाकलेले व्हिडिओ पाहिले. मग तीन दिवस तालीम केली. जेवणाचं टेबल म्हणजे पट्टा, परात म्हणजे ट्रे. पर्स परातीत, फोन परातीत, घड्याळ परातीत, परात पुढे ढकलायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून हात पसरून जायचं, पलीकडे सगळं उचलायचं. पहिल्या दिवशी सव्वा मिनिट लागलं. मग तिने डोकं चालवलं. अंबाड्यातले आकडे काढून नुसता रबर लावला. ब्लाउजच्या आत जन्मभराच्या सवयीने खोवलेल्या सेफ्टी पिना एकेक शोधून काढल्या, अकरा निघाल्या. बांगड्या प्लास्टिकच्या, चपला रबरी. तिसऱ्या दिवशी चाळीस सेकंद. नव्वद सेकंदांत नवरी उभी करणाऱ्या बाईला हे काय जड होतं.

आणि वरवंट्याला तिने अशी कुंची शिवली की ड्रेपरीवाल्याने दुकानात टांगली असती. जुन्या जांभळ्या शालूचा तुकडा, कडेला जर, हनुवटीखाली बांधायला दोन नाड्या. खाली झबलं. काजळाने दोन डोळे. शेजारणीने विचारलं की एवढं जड मोठ्या बॅगेत का नाही घालत. नलिनी म्हणाली, बाळाला कुणी सामानात घालतं का. आणि तो तिने मऊ टॉवेलात गुंडाळून खांद्यावरच्या हातबॅगेत ठेवला, डोकं वर.

विमान दुपारी दोनचं. शर्मिष्ठाताईंनी अकरालाच पोचायचं फर्मान काढलं होतं, आणि नलिनीने मनात हसून घेतलं होतं की अकरा फेऱ्या मारून हिला अजून भीती वाटते. पण ती रिक्षातून उतरली तेव्हा त्या उभ्याच होत्या, फिकट निळ्या कुडत्यात, चाकांची छोटी बॅग, केस आखूड, गळ्यात काही नाही, हातात एक सोन्याचं कडं. मोठ्या बॅगा काउंटरवर देताना तिथल्या मुलीशी त्या अशा बोलल्या जशी नलिनी भाजीवाल्याशी बोलते. मग एका टपरीवजा दुकानात दीडशे रुपयांचा चहा झाला, आणि त्यावर विशेष काही बोलणं न होता दोघी सिक्युरिटीच्या रांगेत आल्या.

इथे नलिनीने पाहिलं ते तिच्या मनात बसलं. शर्मिष्ठाताई गेल्या कशा. कडं कधी काढलं, फोन कधी ठेवला, कळलंच नाही. बॅग पट्ट्यावर, पाठोपाठ ट्रे, आणि त्या बायकांच्या तपासणीच्या छोट्या खोलीत पडदा सारून आत गेल्या, तिसऱ्या श्वासाला बाहेर आल्या. पलीकडे कडं मनगटात, फोन हातात. अंगावरची एक घडी मोडली नव्हती. तिने हजार एन्ट्र्या पाहिल्या होत्या विंगेतून. ही त्यांतल्या चांगल्यांपैकी होती. तेच वाईट होतं.

मग ती गेली. पर्स, फोन, घड्याळ, हातबॅग. पडदा तिने असा सारला जसा हजारदा सारला होता. आतल्या मुलीने यंत्र फिरवलं, यंत्र गप्प राहिलं, एकही पीन नाही. बाहेर आली, ट्रे उचलला. तिने मनात मोजलं होतं, बेचाळीस. तिने पलीकडे उभ्या शर्मिष्ठाताईंकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तिची हातबॅग नेहमीच्या पट्ट्यावरून न येता वळली आणि बाजूच्या पट्ट्यावर जाऊन थांबली.

गणवेशातल्या एका तरुण मुलीने ती कुणाची म्हणून विचारलं. नावाच्या पट्टीवर संघमित्रा एवढंच दिसत होतं. नलिनी पुढे झाली. मुलीने चेन उघडली, टॉवेल बाजूला केला आणि दोन काजळाचे डोळे तिच्याकडे बघू लागले.

मुलीने एका बोटाने कुंची चाचपली. मग हळूच म्हणाली, "आजी, हा वरवंटा आहे ना?"

"नातीचं बारसं आहे," नलिनी म्हणाली.

मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने कुंचीची नाडी नीट केली. पण वरवंटा वर नेता येणार नाही, असं तिने सांगितलं. दगड, काठी, जे कुणाला मारता येईल ते हातसामानात चालत नाही, मग त्याने झबलं घातलेलं असो. इथे ठेवून जावा लागेल. नाहीतर परत बाहेर जायचं, काउंटरवर मोठ्या सामानात द्यायचा आणि पुन्हा सगळी तपासणी. काउंटर अजून पाऊण तासाने बंद होईल, पण काउंटरवर रांग आहे, आजीने लगेच ठरवावं.

मागे खोळंबलेली माणसं माना लांब करून बघत होती. कुणीतरी हसलं. नलिनीला ऐकू येत होतं ते फक्त शर्मिष्ठाताईंच्या चपलांचं येणं. आता ही बघणार, तिला वाटलं. आता बंगळुरूला पोचून सांगणार, सगळ्यांना, हसत हसत. आणि पाळण्याखालून नारळ जाणार.

शर्मिष्ठाताई आल्या. त्यांनी कुंचीतल्या वरवंट्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाल्या, "माझा मेसेज ऐकला नाहीत ना तुम्ही?"

"फोन बिघडलाय," नलिनी म्हणाली. तेवढ्यात ट्रेमधला फोन वाजला. सौरभचा होता.

शर्मिष्ठाताईंनी फोनकडे पाहिलं नाही. त्यांनी त्या मुलीला विचारलं की मीही यांच्याबरोबर बाहेर जाऊ शकते का. मुलीने सांगितलं की जाऊ शकता, पण मग तुम्हालाही पहिल्यापासून. शर्मिष्ठाताई बरं म्हणाल्या. नलिनी म्हणाली की मी जाईन एकटी, तुम्ही बसा. शर्मिष्ठाताईंनी तोवर हातबॅगेचा एक बंद धरला होता. दोघींच्या पासावरचे शिक्के खोडले गेले, कुठल्याशा वहीत नावं लिहिली गेली, आणि एक माणूस त्यांना उलट्या दाराने बाहेर सोडून आला.

काउंटरच्या रांगेत दोघींमध्ये वरवंट्याची बॅग होती. चार माणसं पुढे. शर्मिष्ठाताई समोर बघत बोलल्या.

"मेसेजच्या शेवटी तेच सांगितलं होतं. वरवंटा मोठ्या बॅगेत घाला म्हणून."

नलिनी बॅगेची चेन लावू लागली.

"दोनदा पुसला मी तो मेसेज," शर्मिष्ठाताई म्हणाल्या. "आधी शेवट न घालता बोलले होते. म्हटलं, अडू दे त्यांचा वरवंटा. मग मलाच लाज वाटली आणि पुन्हा बोलले."

नलिनीने वळून पाहिलं. त्या फिकट निळ्या कुडत्याची कॉलर मानेपाशी दुमडली होती. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी विस्कटलेलं.

"अडवून तुम्हाला काय मिळणार होतं?" तिने विचारलं.

"तुमच्या घरात आहे हो असं काही. माझ्या सासूने पाटा-वरवंटा भंगारवाल्याला दिला, जागा अडते म्हणून. अपूर्वाच्या बारशाला आम्ही नारळच फिरवला होता. पाळणा, वाटी, ते मी दुकानातून आणलं, नलिनीताई. दुकानातून कुणीही आणतं."

रांग एक माणूस पुढे सरकली. नलिनीला कळेना आपल्याला आनंद झालाय की राग आलाय. या बाईचा तिने तीन वर्षं हेवा केला, अकरा फेऱ्या मोजल्या, आणि ही बाई बोरिवलीला बसून घाटकोपरच्या एका दगडावर जळत होती. हे कुणी तिला आधी सांगितलं असतं तर तिचे किती दिवस सुखात गेले असते.

"मी ऐकलाच नाही तो," ती शेवटी म्हणाली. "फोन ठणठणीत आहे. तुमचा आवाज ऐकवत नाही मला विमानाचं बोलता तेव्हा."

"एवढा वाईट आहे?"

"नाही ना. तेच तर."

शर्मिष्ठाताई हसल्या नाहीत, पण बॅगेचा बंद त्यांनी सोडलाही नाही.

काउंटरवरच्या मुलीने एक खोकं दिलं आणि चिकटपट्टी. नलिनीने वरवंट्याची कुंची आणि झबलं उतरवलं, नव्वद सेकंदांची सवय, बघता बघता दगड उघडा झाला. कपडे घडी करून पर्समध्ये, वरवंटा टॉवेलासकट खोक्यात. खोकं पट्ट्यावरून हलत हलत काळ्या झडपांमागे गेलं आणि तिला उगीच गलबलून आलं. शर्मिष्ठाताईंनी घड्याळ पाहून सांगितलं की वीस मिनिटं राखून झालं. अकराला बोलावलं होतं म्हणून, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण चेहऱ्यावर होतं, आणि नलिनीने तेवढं श्रेय मनातल्या मनात त्यांना दिलं.

दुसऱ्या तपासणीत नलिनी अडतीस सेकंदांत पार झाली. पलीकडे उभी राहून ती मागे बघू लागली, तर शर्मिष्ठाताई दिसेनात. पडद्यामागून यंत्राचा कुईं असा आवाज आला. पुन्हा आला. घाईघाईत त्यांनी कडं हातातच ठेवलं होतं. मग कडं काढायला गेल्या तर ते धावपळीने सुजलेल्या मनगटातून निघेना, मग कुणीतरी आत बोलावलं, मग चाकांची बॅगही बाजूच्या पट्ट्यावर गेली. आत छोटी कात्री निघाली, नातीसाठी घेतलेली, बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेली. मघाशी कशी सुटली कोण जाणे. ती काढून घेतली गेली.

नलिनीने हे सगळं पहिल्या रांगेत बसल्यासारखं पाहिलं. तिने मदतीला जायला हवं होतं. ती गेली, पण जरा थांबून. दोन-तीन श्वास तिने ते बघून घेतलं.

बारसं दुसऱ्या दिवशी झालं. वरवंटा सुखरूप पोचला होता, खोक्याचा एक कोपरा तेवढा चेपला होता. नलिनीने त्याला पुन्हा कुंची चढवली, काजळ पुन्हा रेखलं. पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला कोण, असं अपूर्वाने विचारलं. सौरभची मावशी पदर खोचून तयारच होती. नलिनी म्हणाली, शर्मिष्ठाताई. आणि तिने खाली वाकून वरवंटा त्यांच्या हातांत दिला. त्यांनी तो घेतला तेव्हा त्याच्या वजनाने त्यांचे हात जरा खाली गेले, मग सावरले. तीनदा खालून, तीनदा वरून. मग नातीला ठेवलं, आणि ती झोपेतच होती, तिला या सगळ्याचं काही नव्हतं.

फोटो सौरभने काढले, घाईत, वाकडे. रात्री त्याने ते आईच्या फोनवर टाकले. नलिनी एकेक बघत गेली. एका फोटोत ती पाळण्यापाशी उभी, पूर्ण, पदरापासून पावलांपर्यंत, हातात वरवंटा पुढे केलेला, तोंडावर उजेड. आणि अगदी कडेला, चौकटीच्या बाहेरून आलेला एक हात, सोन्याच्या कड्याचा, तो वरवंटा घेणारा.

ती त्या हाताकडे खूप वेळ बघत बसली. त्या हाताला काय वाटतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. शर्मिष्ठाताई शेजारच्याच खोलीत होत्या, उद्या सगळे फोटो पाठवा म्हणाल्या होत्या.

सकाळी नलिनीने त्यांना बाकीचे सगळे फोटो पाठवले. दोघींचा मिळून एक होता, जरा हललेला, तोही. मग परतीच्या विमानाबद्दल त्यांचा नवा आवाजी मेसेज आला, तीन मिनिटांचा, तो तिने चहा घेता घेता शेवटपर्यंत ऐकला.

हाताचा फोटो मात्र अजून तिच्याच फोनमध्ये आहे. पाठवायचाय, असं ती रोज म्हणते.